चढणीच्या माशांसाठी पाड्यावर जायचं असेल तर

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या पाड्यांवर नदी आणि माशांविषयी बोलायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. नाशिकच्या कॉलेजांतली मुलं-मुली, निसर्गाची आवड असलेले कार्यकर्ते, आश्रमशाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक उन्हाळा लागला की मला विचारतात, सुरुवात कशी करायची? मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होते. मुलांच्या मागोमाग त्यांच्या नद्यांवर गेले आणि तिथलीच झाले.

विषय साधा आहे. मृगाचा जोराचा पाऊस पडतो, ओहोळ गढूळ होऊन धावायला लागतात, आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात. पोटात गाबोळी असते. उथळ, ताज्या पाण्यात अंडी टाकायची आणि पाणी ओसरायच्या आत खाली परतायचं, एवढ्यासाठी ही सगळी धडपड. आपल्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, पालघरकडे वलगणीचे. आजोबांनी टोपल्या भरभरून आणलेले हे मासे नातवाला आता वाटीभर मिळाले तरी घरात कौतुक होतं. डोह गाळाने भरले, गोटे आणि वाळू ट्रॅक्टरने गेली, उन्हाळ्यात उरलेलं पाणी मोटरी ओढतात, रस्त्याखालच्या नळकांड्यांनी वाट अडवली, आणि मासे मारायला कुठे विषारी पावडर तर कुठे जिलेटीनचे स्फोट.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पाड्यावर जाऊन ‘मासे मारू नका’ असं सांगणार असाल तर जाऊ नका. ज्याच्या ताटातला मासा आहे त्याचा हक्क आधी, राखण त्याच्या मागून. हा क्रम उलटा केला की लोक चहा पाजतात, मान डोलावतात आणि तुम्ही गेल्यावर काहीच घडत नाही.

कधी जायचं

दिवाळी झाली की अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला गेलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुलुपं भेटतील. मार्च संपता संपता माल उतरतो, माणसं परत येतात. मग राब भाजायचे, लग्नं, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजी ते मृग हा काळ खरा. नदी आटलेली असते, डोह उघडे पडलेले असतात, नळकांड्यांची तोंडं कोरडी दिसतात, आणि महिन्याभरात मासे चढणार हे सगळ्यांच्या मनात असतं. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की कुणालाही बैठकीला बोलावू नका. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला कशाचंच महत्त्व सांगायचं नसतं.

बाजाराचा दिवस टाळा. बैठक रात्री, जेवणं झाल्यावर. म्हणजे मुक्काम आलाच. शेवटच्या एसटीवर डोळा ठेवून बसलेल्या पाहुण्याला लोक कामापुरतंच बोलतात. जाताना चहापत्ती-साखर न्या आणि जे वाढतील ते जेवा.

सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी कळवा, तो रिवाज आहे आणि तो पाळावा. पण तिथेच थांबू नका. मोठ्या डोहात जाळं टाकणारा पुरुष असतो. रोजच्या कालवणाचे मुरे, झिंगे, खेकडे मात्र बायका आणि पोरं आणतात. कुठल्या दगडाखाली काय असतं, कुठला ओहोळ कधी आटतो, हे त्यांना हाताच्या सवयीने माहीत असतं. ज्या बैठकीत बायका मागे भिंतीला टेकून गप्प बसल्या आहेत, ती बैठक झाली असं धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर पाण्यावर जा. गळ घेऊन हिंडणारी दहा-बारा वर्षांची पोरं आणि गावचा भगत, या दोघांनाही विसरू नका. देवाच्या डोहाचं काय ते भगतालाच ठाऊक असतं.

पहिल्या भेटीत फक्त विचारा

प्रोजेक्टर, बॅनर, पत्रकं काही नको. अंगणात राखेने नदी काढायला सांगा. मोठी नदी, तिला मिळणारे ओढे, पाड्याची घरं, रस्ता. डोहांच्या जागी दगड ठेवायचे. प्रत्येक डोहाला नाव असतं. ते नाव त्यांच्या तोंडून ऐका आणि तसंच लिहा. मग नागलीचे दाणे मागवा. आजीला विचारा, तुम्ही लग्न होऊन या पाड्यावर आलात तेव्हा ह्या डोहात मासे किती असायचे? तेवढे दाणे ठेवा. मग आज किती आहेत?

हरसूल भागातल्या एका अंगणात एका आजीने प्रत्येक दगडाभोवती मूठमूठ दाणे टाकले आणि आजचं विचारल्यावर ती ते परत वेचायला लागली. घाई नाही, एकेक दाणा, ओंजळीत. एका दगडापाशी दोन दाणे राहिले. लगेच मागून एक तरुण म्हणाला, आजी, तिथे अजून वाम हाय, मी परवाच बघितली. दुसरा म्हणाला, ती वरच्या कोंडीतली, इथली नाही. मग जो वाद पेटला तो रात्री उशिरापर्यंत चालला: कुठला डोह कधी बुजला, कुणी कुठे पावडर टाकली, कुठला बंधारा झाल्यावर वर मासा येईना. मी काही सांगितलं नव्हतं. तुम्हीही तेव्हा काही सांगू नका. लिहून घ्या. पाड्याची कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) तुम्हाला नीट कळत नसेल तर शाळेतल्या एखाद्या मोठ्या मुलीला शेजारी बसवा, आणि ‘अधिवास पुनरुज्जीवन’ असे शब्द नाशिकलाच ठेवून या. डोह, खळखळ, गाळ, सावली, वाट एवढ्यात सगळं बसतं.

सकाळी नदीफेरी. बांबूच्या काठीवर वीत-वीत अंतराने खुणा करून डोहांची खोली मोजा. काठावर करंज, उंबर, जांभूळ कुठे आहेत आणि कुठे तोडले गेलेत ते बघा. सावली गेली की उन्हाळ्यातलं थोडं पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. वाहत्या पाण्यातला एक गोटा उलटा करा. खाली चपट्या अळ्या सरसर पळतील, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्या दिसतील. पोरांना त्या आधीच माहीत असतात. हेच माशांचं खाणं. मग गाळ बसलेल्या जागेतला गोटा उलटा करा. तिथे बहुतेक काहीच नसतं. फरक पोरांनाच सांगू द्या.

शाळेत करायचा एक प्रयोग आहे, खर्च शून्य. पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या कापा, बुडाला भोकं पाडा, दोन्हींत नदीतले गोटे भरा. एकीत वरून पातळ चिखल ओता आणि थोडा सुकू द्या. मग दोन्हींत पाणी घाला. स्वच्छ गोट्यांतून पाणी खळकन खाली जातं, चिखलाच्या बाटलीत वरच तुंबतं. गोट्यांच्या फटीत अंडी असतील तर त्यांना ताजं पाणी मिळेल का, एवढा एकच प्रश्न विचारा आणि थांबा.

सॅमनची गोष्ट

ही गोष्ट मी प्रत्येक पाड्यावर सांगते, आणि ती सांगावी असं माझं ठाम मत आहे. पण दुसऱ्या भेटीत. आधी त्यांची नदी ऐकून झाल्यावर.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. तिथला सॅमन मासा डोंगरातल्या ओढ्यात गोट्यांखाली जन्मतो, वाहत समुद्रात जातो, तिथे वाढतो, आणि अंडी घालायची वेळ आली की ज्या ओढ्यात जन्मला तिथेच परत येतो. पाण्याच्या वासावरून त्याला आपला ओढा कळतो. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते. पॅसिफिक महासागरातले बहुतेक सॅमन त्यानंतर तिथेच मरतात आणि त्यांच्या देहांवर ओढ्यातले किडे, पक्षी, अस्वलं, काठावरची झाडं जगतात. मुलं इथे डोळे मोठे करतात. लगेच नकाशा काढून दाखवा, की पेठकडचं पाणी दमणगंगेतून दमणला समुद्राला मिळतं, सुरगाण्याचं पार आणि नारमधून गुजरातकडे जातं. आपले चढणीचे मासे समुद्रातून येत नाहीत हेही स्पष्ट सांगा; ते खालच्या डोहांतून येतात. वाटेचा प्रश्न मात्र तोच आहे.

मोठ्या माणसांना पुढची गोष्ट जास्त भिडते. तिथल्या मूळ जमातींनी 1854 आणि 1855 मध्ये सरकारशी करार केले. जमिनी गेल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे पकडायचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे राज्याने त्याच हक्कासाठी त्यांना पकडायला सुरुवात केली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना 1945 मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ते 14 वर्षांचे होते. आयुष्यात पन्नासहून जास्त वेळा त्यांना अटक झाली. 12 फेब्रुवारी 1974 ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा करार केलेल्या जमातींचा, आणि व्यवस्थापनातही त्यांचा हात. आज पश्चिम वॉशिंग्टनमधल्या 20 जमातींचा मिळून एक मत्स्य आयोग आहे. त्या स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमतात, मासे मोजतात, आणि हंगामाचे नियम राज्य सरकारबरोबर बसून ठरवतात.

आणि मग त्याच राज्यातली एल्व्हा नदी. तिच्यावर 1913 आणि 1927 मध्ये पूर्ण झालेली दोन धरणं होती, सॅमनला वर जायला वाट ठेवलेली नव्हती. लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीने पिढ्यान्‌पिढ्या लावून धरलं. 2011 ते 2014 या काळात दोन्ही धरणं पाडली गेली, आणि मासे पुन्हा वरच्या पाण्यात जायला लागले. ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बहुतेक जण सांगायचा विसरतात. धरणं पडायला लागली तेव्हा नदीतली मासेमारी थांबवण्यात आली आणि ज्या जमातीचा त्या माशांवर हक्क होता, तिनेही हात आवरला. 2023 मध्ये कोहो जातीच्या सॅमनची थोडी मासेमारी पुन्हा सुरू झाली. बारा वर्षं ते थांबले. कुणी बाहेरच्याने दटावलं म्हणून नव्हे. हक्क हातात होता आणि नदीबद्दलचं बोलणं त्यांचं स्वतःचं होतं म्हणून.

इथे थांबा. पाड्यावर कुणीतरी म्हणेलच, ‘आमचा कागद कुठाय?’ हाच प्रश्न तुम्हाला हवा आहे.

मुलांसाठी कबड्डीच्या मैदानावर खेळ घ्या. अर्धी मुलं मासे, खालच्या रेषेवरून वरच्या रेषेपर्यंत पोचायचं. वाटेत दोघं दोरी धरून उभे: हा बंधारा. दोघं जाळं घेऊन: पहिल्या पावसातला माणूस. एका जागी टायर ठेवा: नळकांडी, त्यातून सरपटत जायचं. प्रत्येक फेरीनंतर वर पोचलेल्या प्रत्येक मुलामागे दोन नवे मासे मैदानात येतात. मग दोरी उंच करा. मग जाळीवाले चार करा. मग मुलांनाच विचारा, काय बदललं तर मैदान पुन्हा भरेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एका मुलीने जाळीवाल्यांना पहिल्या फेरीत खाली बसवलं, दुसऱ्या फेरीपासून उठवलं. तिच्या पाड्याच्या ग्रामसभेने पुढे जो नियम केला तो जवळपास हाच.

नळकांड्या बघा

ह्या कामात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक कुठे पडत असेल तर रस्त्याखालच्या मोऱ्यांत. वॉशिंग्टनमध्ये 21 जमाती ह्याच मुद्द्यावर न्यायालयात गेल्या: राज्याने रस्त्यांखाली घातलेल्या मोऱ्यांनी सॅमनची वाट अडवली, आणि मासाच वर पोचणार नसेल तर मासे पकडायच्या हक्काला अर्थ काय? 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मतं 4 विरुद्ध 4 अशी समान पडली, त्यामुळे जमातींच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला आणि राज्याला मोऱ्या दुरुस्त करणं भाग पडलं.

आपल्याकडे पाड्यांना रस्ते हवेत, पावसाळ्यात दवाखान्यात जायची वाट हवी. म्हणून नळकांडी पुलाबद्दल वाईट बोलायचं नाही. तो कसा बसवलाय एवढंच बघायचं.

मे महिन्यात प्रत्येक नळकांडीच्या खालच्या बाजूला उभे राहा. पाइपाचं तोंड ओढ्याच्या तळापासून किती उंच आहे ते काठीने मोजा. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत पाण्याच्या धारेने खालचा तळ खणला जातो आणि तोंड अधांतरी राहतं. चढणारे बहुतेक मासे बोटभर नाहीतर वीतभर. त्यांना दीड-दोन फुटांची उडी म्हणजे भिंतच. तोंडाने दगडाला चिकटून सरकणारे काही छोटे मासे ओल्या सिमेंटवरून वर जातात, बाकीचे खाली घुटमळतात. ते घुटमळतात म्हणूनच सगळी जाळी तिथे लागतात. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन गेलात तर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल: पाइपाच्या धारेखाली चंदेरी पाठी एकमेकांवर उड्या घेतायत, आपटून परत पाण्यात पडतायत, आणि दोन हातांवर माणसं टोपल्या धरून उभी आहेत. पुढे काय बोलायचं ते ह्या जागेवर उभं राहून बोला. घरात बोललेलं लागत नाही.

पाइपात आत बघा. तळ गुळगुळीत असेल आणि पाणी पातळ, वेगाने वाहत असेल तर मासा थकून मागे येतो. फांद्या, प्लास्टिक, जुन्या साड्या अडकल्या असतील तर काढून टाका. ते काम पोरं तासाभरात करतात.

उपाय दगडांचा. तोंडाखाली मोठे गोटे रचून एका खाली एक छोटे डबके करायचे, प्रत्येक पायरी वीतभरापेक्षा उंच नको, आणि प्रत्येक डबक्यात उडी घेण्याइतकं पाणी साठायला हवं. हे कसं रचायचं ते इंजिनिअरला विचारण्याआधी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. भातखाचराचे बांध पावसात टिकवणारी ती माणसं. पूर आला की काही गोटे हलतात, दरवर्षी मे महिन्यात पुन्हा बसवावे लागतात, हे आधीच सांगून ठेवा. नवा रस्ता मंजूर झाला असेल तर ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज द्या, की पाइप ओढ्याच्या तळाच्या खाली दाबून बसवावा, म्हणजे त्याच्या पोटात गोटे-वाळू बसून नैसर्गिक तळ तयार होईल. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून) कळतं. अर्जाची पोच घ्या. आमचा असाच एक अर्ज एका कार्यालयात दोन पावसाळे पडून होता. दरम्यान पाड्याने गोटे रचले आणि मासे वर गेले.

नियम ग्रामसभेचा

आता कागद. वनहक्क कायदा 2006 मधलं कलम 3(1) खंड (घ) वाचून दाखवा: पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचे सामुदायिक हक्क त्यात स्पष्ट लिहिले आहेत. कलम 5 ग्रामसभेला पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार देतं. पेठ, सुरगाणा, कळवण हे पूर्ण तालुके आणि इतर काही तालुक्यांचे भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू आहे, लहान जलसाठ्यांचं नियोजन स्थानिक पातळीवर आणणारा. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. पुष्कळ पाड्यांचा सामुदायिक वनहक्काचा दावा मंजूर असतो आणि त्यात मासे लिहिलेले नसतात. तपासा. दावा अजून करायचा असेल तर डोहांची ती राखेची यादी इथे उपयोगी पडते: नावासकट, खोलीसकट.

विष आणि स्फोटकांबद्दल मात्र संदिग्ध बोलू नका. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून दोन्ही गुन्हे आहेत. तरी कायद्यापेक्षा झिऱ्याचं, पाण्यासाठी उकरलेल्या खड्ड्याचं बोला. उन्हाळ्यात नदीपात्रातल्या झिऱ्याचं पाणी माणसं पितात, गुरं पितात, आणि कीटकनाशकाची पुडी टाकलेल्या डोहाचंच ते पाणी असतं. म्हातारी माणसं सांगतील, आम्हीपण मासे गुंगवायला रामेठा आणि गेळाचं फळ वापरायचो. ते खरं आहे, आणि त्यांना गुन्हेगार ठरवू नका. आटत्या डोहात, सगळ्या पाड्याने मिळून, ठरवून केलेली ती मासेमारी होती. आज एकटा माणूस रात्री येऊन वाहत्या पाण्यात पुडी सोडतो. हा फरक तेच सगळ्यात चांगला समजावतात, त्यांना बोलू द्या.

नियम काय असावा ते सुचवू नका. विचारा फक्त, की पहिल्या चढणीला वर जाऊ दिलेली एक मादी किती पिल्लं देईल? रोहूसारख्या माशात वजनाच्या किलोमागे लाखाहून जास्त अंडी असतात. ओढ्यातल्या लहान माशांतही शेकड्यांनी, हजारांनी. हिशेब लोक करतात. कुणी पहिला पूर सोडायचं ठरवतं, कुणी नळकांडीच्या तोंडाशी टोपली न धरायचं, कुणी एक डोह बारा महिने राखायचा. वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि खाली वाडा तालुक्यात तिळसे इथे तिळसेश्वर महादेवाच्या पायथ्याशी त्याच नदीत मोठमोठे महाशीर मासे निर्धास्त फिरतात. देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. जमलं तर हिवाळ्यात पाड्यावरच्या चार-पाच जणांना तिथे घेऊन जा. राखलेल्या डोहात मासा किती मोठा होतो हे एकदा पाहिलेला माणूस परत येऊन जे सांगतो त्याला तोड नाही.

एक इशारा. उत्साहाच्या भरात बाहेरून मत्स्यबीज आणून ओढ्यात सोडू नका. चिलापी (तिलापिया) हा परदेशी मासा एकदा शिरला की हटत नाही, आणि थायलंडचा मागूर तर देशात बंदी असलेला मासा आहे, सगळं खाऊन टाकणारा. वाट मोकळी केली, डोह राखला की खालचे मासे स्वतः वर येतात.

विचारतील ते प्रश्न

‘तुम्ही सर्व्हेवाले का?’ हा पहिला. नार, पार, दमणगंगा यांचं पाणी दुसरीकडे वळवण्याच्या योजनांची चर्चा ह्या भागात जुनी आहे, आणि काठी घेऊन नदी मोजणारा माणूस दिसला की पोटात गोळा येणं साहजिक आहे. मोजलेला प्रत्येक आकडा तिथेच, त्यांच्या वहीत लिहा आणि वही त्यांच्याकडे ठेवा. परवानगीशिवाय फोटो नको, डोहांची जागा मोबाइलवर टाकायची तर अजिबात नको. राखलेल्या डोहाचा पत्ता जगाला कळला की रात्री गाड्या येतात.

‘तुमच्या नाशिकची गोदावरी बघितली का?’ हा दुसरा, आणि तो रास्त आहे. तोंड चुकवू नका. रामकुंडाजवळ पात्रात काँक्रीट ओतलं गेलं, सांडपाणी नदीत जातं, आणि ते थांबवण्यासाठी नाशिककरांना न्यायालयात जावं लागलं, हे जसं आहे तसं सांगा. आम्ही जे घालवलं ते तुमच्याकडे अजून आहे म्हणून आलोय, असं मी म्हणते, आणि ते मनापासून असतं.

‘मग खायचं काय?’ ह्याला उत्तर तयार ठेवू नका. पावसाळ्याच्या तोंडाला घरात धान्य कमी असतं आणि चढणीचा मासा हे पोरांच्या तोंडी लागणारं वर्षातलं चांगलं अन्न असतं. म्हणून नियमात खाण्यापुरता मासा आणि विकायचा मासा वेगळा धरा असं लोकच सुचवतात. त्याला हरकत घेऊ नका.

पुढच्या मृगापर्यंत

एक दोनशेपानी वही. चढण कुठल्या तारखेला सुरू झाली, कुठल्या ओढ्यात, कुठपर्यंत मासे पोचले, कुठले मासे (पाड्यातल्या नावांनी), आणि मे महिन्यातली डोहांची खोली. आठवी-नववीच्या मुली हे काम फार नीट करतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यात माशांची पानं बहुधा रिकामी असतात. वर्षाअखेरीस ही माहिती ग्रामसभेला विचारून त्यात घाला. शिक्षकांच्या बदल्या होतात, म्हणून मूळ वही शाळेत नको. ती ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा, शाळेत प्रत ठेवा. पुढच्या आखाजीला गेलात की आधी ती वही मागवा, कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, आणि मग काठी घेऊन त्याच नळकांडीपासून सुरू करा.